भीमगडात काम करणाऱ्या संस्थांनी वनहक्काच्या दाव्यांत उतरावं का?

घाटमाथा
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला भीमगड अभयारण्य २०११ साली झालं. वटवाघळं, वाघ, म्हादई नदीचं पाणी, असे विषय घेऊन संस्था तिथल्या वाड्यांत येतात. ‘लोकसहभाग’ सगळ्यांच्याच तोंडी असतो. गावात तो कसा दिसतो? बॅनर लागतो, हजेरीचा कागद फिरतो, बायका अंगठे उठवतात आणि धारेची वेळ झाली म्हणून उठून जातात. पुढं काय ठरलं, ते त्यांना कुणी कळवत नाही. जनावरांचे आपोआप फोटो काढणारा कॅमेरा ट्रॅप बांधायला वाट दाखवतो गावचाच पोरगा, पण आतलं कार्ड शहरात जातं. त्यातले फोटो गावानं कधी बघितलेले नसतात.

२००६च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनसंपत्ती राखायचा आणि सांभाळायचा हक्क गावाला दिलाय. संस्थेला भागीदारी हवी असेल, तर या हक्काचा दावा दाखल होईपर्यंत तिनं गावासोबत राहावं. ज्याला हक्कच नाही तो भागीदार कसला? त्याच्याकडून नुसतं काम करून घेतलं जातं.

कणकुंबीकडचा
साफ नामंजूर. जंगलात पाऊल टाकायला परवानगी वनखात्याचीच लागते. संस्था दाव्यात उतरली की परवानगी लटकलीच म्हणून समजा. मग बारापेडेच्या गुहेतल्या रॉटन या दुर्मीळ जातीच्या वटवाघळांच्या नोंदी कोण ठेवणार? दावे वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी बघावेत.

आणि ‘गाव’ म्हणजे नक्की कोण? अभयारण्यातल्या तळेवाडीतली काही घरं १५ लाखांचं पुनर्वसनाचं पॅकेज घेऊन बाहेर पडायला तयार झाली. पावसात दुखणेकऱ्याला खांद्यावरून आणावं लागत असेल, तर त्यांचं काय चुकलं? संस्थेनं बाजू कुणाची घ्यायची?

म्हसरंवाला
जाणाऱ्याला कोण अडवाय लागलंय? पण वनहक्क कायद्याचं कलम ४ वाचा की. हक्कांची पडताळणी पुरी झाल्याबिगर हलवता येत नाही. म्हणजे जाणाऱ्यालाबी दावा उपयोगाचाच. आम्ही गवळी धनगर. आमच्याकडं ७५ वर्षं इथं राहिल्याचा पुरावा मागतात. तेवढा जुना कागद कुठनं आणू? नियमात म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब चालतो, जुनी विहीर, मसणवट, देवाची जागाबी चालते. हे सगळं जीपीएसवर नोंदवाय संस्थेकडं पोरं हाईत, यंत्रं हाईत. वाघाची पावलं नोंदवताय, मग आमची विहीर नोंदवाय काय हरकत?

कणकुंबीकडचा
नोंदवून देणं मान्य. पण दाव्याच्या कागदावर संस्थेचं नाव नको.

घाटमाथा
नकोच. दावा ग्रामसभेचाच. मात्र नकाशाची आणि कॅमेऱ्यातल्या फोटोंची एकेक प्रत ग्रामसभेकडं राहायला हवी. परवानगीचा अर्ज करतानाच संस्थेनं तसं लिहावं.

कणकुंबीकडचा
नकाशा द्या, फोटो नाही. वाघाचा फोटो आणि जागा एकदा मोबाइलवर फिरली की शिकाऱ्यापर्यंत जायला किती वेळ? यात मी मागं हटणार नाही.

म्हसरंवाला
वाघ कुठनं जातो ते आम्हास्नी फोटोबिगर म्हायती हाय. आमची म्हसरं तिथंच चरतात.