सहा फुटी रीफ टँक, चौथा मजला: वजन, सम्प आणि चिलरचा हिशोब

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. ठाण्यात आरसीसी इमारतीत चौथ्या मजल्यावर रीफ टँक (प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक) बसवायचा आहे. माप १८० × ७५ × ६० सेंमी, १५ मिमी काच, वर काचेच्या पट्ट्या. खाली ९० × ४० × ४० चा सम्प (गाळणी-यंत्रं ठेवायची खालची टाकी), त्यात पाणी २२ सेंमीपर्यंत. रिटर्नचं, म्हणजे सम्पातलं पाणी पंपाने वर आणणाऱ्या पाइपाचं, तोंड पृष्ठभागाखाली ५ सेंमी ठेवणार आहे, पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. अ‍ॅक्रोपोरासकट (हा एक कठीण प्रवाळ) मिश्र कोरल ठेवायचे आहेत, म्हणून कॅल्शियम रिअ‍ॅक्टरही (पाण्यात कॅल्शियमची भर घालणारं यंत्र) यादीत धरलाय. पाणी घरच्या आरओचं वापरणार.
प्रश्न तीन: स्लॅबला वजन पेलेल का, सम्प पुरेल का, आणि चिलरऐवजी (पाणी थंड करणारं यंत्र) पंख्यांवर भागेल का?

सम्पवाला:
आधी वजन. ५५ सेंमी पाणी धरलं तर सुमारे ७६० किलो, काच १८०, दगड-वाळूची भर १००, स्टँड १००, भरलेला सम्प १५०च्या आसपास. म्हणजे १,३०० किलो, तेही जेमतेम १.३५ चौरस मीटरवर. घराच्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार (माणसं-सामानाचं वजन) धरून काढलेला असतो. म्हणून टँक खोलीच्या मधोमध नको. बीमच्या वर, बीमला समांतर, एक टोक कॉलमजवळ. बीम कुठून जातो ते खालच्या घराच्या छताला दिसतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला इमारतीचा नकाशा दाखवून लेखी मत घ्या. उद्या काही झालं तर 'सोसायटीत अमक्याकडेही आहे' हे कामाला येत नाही.

आता सम्प. लाइट गेली की टँकमधलं पाणी रिटर्नच्या तोंडापर्यंत उलटं खाली येतं. तुमच्या टँकचा १ सेंमी म्हणजे १३.५ लिटर. तोंड ५ सेंमी खोल, म्हणजे ६७ लिटर. पाइप आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं (टँकमधून पाणी खाली उतरतं तो कप्पा) १५ धरा. हे ८२ लिटर ९० × ४० च्या सम्पात जवळपास २३ सेंमी चढणार. २२ अधिक २३ झाले ४५, आणि सम्पाची उंची ४०. पाणी जमिनीवर.
व्हॉल्व्हवर विसंबू नका. चुनखडीसारखी वाढ आणि गोगलगायी त्याची झडप अडवतात आणि नेमकी गरज असते तेव्हा ती पूर्ण मिटत नाही. रिटर्नचं तोंड दीड सेंमीवर आणा, पाणी साधारण १० सेंमीच चढेल. तरी सम्प १२० × ४५ चाच घ्या. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), गाळणीच्या पिशव्या आणि टॉप-अपची (उडालेल्या पाण्याची आपोआप भर) जागा लहान सम्पात मिळत नाही.
ओव्हरफ्लोला तीन पाइप: एक पूर्ण भरून वाहणारा, गेट व्हॉल्व्हने जुळवलेला, दुसऱ्यातून पाण्याची बारीक धार, तिसरा कोरडा, पहिले दोन तुंबले तर. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेलं घ्या, बाथरूमचं नको.

निवळी:
पंख्यांनी बाष्पीभवन वाढवून पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा जवळजवळ काहीच उतरत नाही. ठाण्याला चिलर लागणारच. एकूण ८२० लिटरला अर्धा एचपी, आतली कॉइल टायटॅनियमची. तांब्याची कॉइल असेल तर कोळंबी आणि कोरल जातील. चिलरची गरम हवा कपाटात कोंडली तर तो सतत चालत राहतो, म्हणून गॅलरीत ठेवा. २५-२६ अंशांवर स्थिर.

घरच्या आरओत बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो बंद करा आणि पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावा. मीटरवर शून्य यायला हवं. सिलिकेट राहिलं तर पहिले काही महिने वाळूवर तपकिरी थर येतो. मीठ लिटरला साधारण ३८ ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीला सुमारे ३१ किलो. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणानेच जुळवा, नुसत्या पाण्याने जुळवला तर खारटपणाचं माप चुकू शकतं.

रोज ८-१० लिटर पाणी उडेल. मीठ उडत नाही, म्हणून भर गोड्या पाण्याचीच. टॉप-अपची टाकी २५ लिटरहून मोठी नको: सेन्सर अडकला तर सगळं रिकामं होऊनही खारटपणा ३५ वरून ३४ वर येतो, त्यापेक्षा खाली जात नाही.
इन्व्हर्टरवर चिलर नको, फक्त टँकमधलं पाणी फिरवणारे डीसी फ्लो पंप. वीज गेल्यावर आधी ऑक्सिजन संपतो, तापमानाचा प्रश्न नंतर.

प्रवाळप्रेमी:
कोरलची यादी पक्की करण्याआधी कायदा बघा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) पहिल्या अनुसूचीत २००१ पासून भित्ती बांधणारे सगळे कठीण प्रवाळ आहेत. काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळही. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला मेलेल्या प्रवाळाचा दगडसुद्धा त्यातच येतो, तो टँकमध्ये घालायचा नाही. परदेशी कठीण कोरलना साइट्सची (CITES, वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) बंधनं आहेत. विकणाऱ्याकडे आयातीची कागदपत्रं नसतील तर घेऊ नका, आणि शंका आली तर वनखात्याला विचारा.

माझं स्पष्ट मत: अ‍ॅक्रोपोरा सोडा. लेदर, मशरूम, झोअँथिड या मऊ प्रकारांवर टँक उभा करा, कागदपत्रं त्यांचीही मागा. मग कॅल्शियम रिअ‍ॅक्टर लागतच नाही, ते पैसे चिलर आणि डीसी पंपांना जातील. प्रवाहही तासाला टँकच्या २० पट पुरे. दर पंधरा दिवसांनी ८० लिटर पाणी बदलत राहा. तरी अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा, एकक डीकेएच) ७.५ च्या खाली सरकली तर टॉप-अपमध्ये चुन्याची निवळी: लिटरला दीड ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड, गाळ बसू द्यायचा, वरचं स्वच्छ पाणी रात्री थेंब-थेंब. ८ लिटर निवळीने जवळपास १.१ डीकेएच वाढते. चुना शुद्धतेचं प्रमाणपत्र असलेला, रंगाचा नको.
झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. हातमोजे, चष्मा घाला; तो दगड गरम पाण्यात कधीच टाकू नका.

खाडीकाठ:
मनापासून आभार. अ‍ॅक्रोपोरा आणि रिअ‍ॅक्टर बाद, सम्प १२० × ४५ × ४५, रिटर्न दीड सेंमीवर. इंजिनिअरला नकाशा दाखवेपर्यंत काच ऑर्डर करत नाही. पाण्याची पहिली चाचणी कशी घेऊ?

सम्पवाला:
मीठ घालण्याआधी साध्या पाण्याने टँक भरा, २४ तास चालवा. मग मेन स्विच दहा वेळा बंद-चालू करा. दर वेळी सम्पातली सर्वांत वरची पातळी मार्करने लिहून ठेवा. पहिला पाइप फडक्याने बंद करून दुसरा-तिसरा पाणी झेलतो का तेही पाहा. प्लगच्या आधी प्रत्येक तारेला खाली झोल द्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये न जाता खाली गळेल. सॉकेटला ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. पाणी काढलं की स्टँडच्या पायांची पातळी पुन्हा तपासा. भरलेल्या वजनाखाली एखादा कोपरा बसलेला असतो.