काचेवरचा मोठा आकडा गाडी बनल्याचा महिना नव्हे

जपानहून आलेली जुनी गाडी बघताना काही जण सांगतात की पुढच्या काचेवरच्या चौकोनी स्टिकरवरचा मोठा आकडा म्हणजे गाडी बनल्याचा महिना. तसं नाही. ते 'शाकेन'चं, म्हणजे जपानी सक्तीच्या तपासणीचं स्टिकर. मोठा आकडा मुदत संपण्याचा महिना, आणि जवळचा बारीक आकडा वर्ष, तेही जपानी सम्राटाच्या कालगणनेतलं. वर्ष हेइसेई या आधीच्या सम्राटाच्या काळातलं असेल तर १९८८ मिळवा, रेइवा या आताच्या काळातलं असेल तर २०१८. म्हणजे हेइसेई २८ म्हणजे २०१६, रेइवा ५ म्हणजे २०२३. गाडीत बसून स्टिकरची मागची बाजू पाहिलीत तर पूर्ण तारीखच छापलेली असते.

पण खरा खजिना ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत असतो. तिथे गॅरेजवाले ऑइल बदलल्याची चिठ्ठी चिकटवतात: तारीख, तेव्हाचे किलोमीटर आणि पुढच्या वेळचे किलोमीटर. इथे नैरोबीत मी एक गाडी बघायला गेलो होतो. मीटरवर ६१ हजार, आणि दारातल्या चिठ्ठीवर हाताने लिहिलेले ८४ हजार! विक्रेता म्हणाला, चिठ्ठी दुसऱ्या गाडीची असेल. (दुसऱ्या गाडीची चिठ्ठी याच दारावर कशी आली, ते त्यालाच ठाऊक.) मीटर मागे फिरवलेला दिसत होता, मी तसाच परत फिरलो. जपानी अक्षरं नाही वाचता आली तरी आकडे ओळखीचेच असतात, आणि उरलेल्या मजकुरासाठी फोनचा कॅमेरा भाषांतर करून देतो. बॉनेट उघडून टायमिंग बेल्ट (इंजिनातला पट्टा) बदलल्याचं स्टिकरही शोधा, त्यावरही किलोमीटर असतात. आणि हे सगळं गाडी घासूनपुसून चकाचक करायच्या आधी, नाहीतर पुरावाच जातो.