जाहिराती अडवणं ही फुकटेगिरी? मग माझ्या वडिलांकडे बघून बोला

विश्रामबागकर: काल इथे एकाने लिहिलं, 'अ‍ॅडब्लॉकर लावणं म्हणजे हॉटेलात जेवून बिल न देता उठणं.' रात्रभर डोक्यातून जाईना. वडील तासगावात एकटे असतात. गॅसच्या तक्रारीचा नंबर मोबाइलवर शोधला. सगळ्यात वर आला तो नंबर जाहिरातीतला, खोटा. पलीकडच्याने गोड बोलून अ‍ॅप टाकायला लावलं, अठरा हजार गेले. तेव्हापासून घरात सगळीकडे युब्लॉक ओरिजिन हा अ‍ॅडब्लॉकर. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेही लोकांना हेच सांगितलं, की काही शोधताना अ‍ॅडब्लॉकर वापरा. त्यांनाही फुकटे म्हणणार?

मार्केट यार्ड: ते वाक्य माझंच. वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, पण वाक्य मागे घेत नाही. मी हळद-बेदाण्याच्या सौद्याला स्वतः उभा राहतो आणि दर साइटवर टाकतो. घरी येतो तेव्हा चपलेत हळद असते. साइटचा खर्च जाहिरातींतूनच निघतो.

विश्रामबागकर: तुमची साइट आत्ता उघडली. दरांच्या तक्त्यावर पानभर जाहिरात, फुली एवढी बारीक की अंगठा जाहिरातीवरच पडतो. वर आपोआप वाजणारा व्हिडिओ. हे काढा, तुमच्या साइटला अ‍ॅडब्लॉकरमधून सूट देतो.

पोवई नाका: एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं असलं छोटं सॉफ्टवेअर, लावलं म्हणजे सुटलो, असं कुणी समजू नका. साताऱ्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. न वापरलेले टॅब झोपवायला ग्रेट सस्पेंडर हे एक्स्टेन्शन वापरायचो. २०२० मध्ये मूळ माणसाने ते अनोळखी माणसाला विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, म्हणून काढून टाकलं. त्याच क्रोमवर मी गिऱ्हाइकांची आधार कार्डं, पासबुकं उघडत होतो. आठवडाभर झोप नव्हती.

कृष्णाकाठ: 'सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी युब्लॉकलाही लागते. ते बरं चालतं तुम्हाला?

पोवई नाका: चालतं. ते बनवणारा रेमंड हिल देणगीसुद्धा घेत नाही आणि कोड सगळ्यांसमोर आहे.

कृष्णाकाठ: कोड ग्रेट सस्पेंडरचाही उघडाच होता! कोड दाखवायच्या गिटहब साइटवर एक, क्रोमच्या स्टोअरमध्ये दुसरंच.

पोवई नाका: हे मात्र खरं, मानावंच लागेल. म्हणूनच फॉर्म भरायच्या प्रोफाइलवर आता एकही एक्स्टेन्शन ठेवत नाही. माझ्या स्वतःच्या प्रोफाइलवर दोनच, युब्लॉक आणि पासवर्ड सांभाळणारं बिटवॉर्डन.

वाईची माई: सगळे पासवर्ड एकाच पेटीत? माझे डायरीत आहेत, कपाटात, कुलपात.

कृष्णाकाठ: मावशी, २०१९ च्या पुरात आमचा तळमजला बुडाला. डायरीचा लगदा झाला. बँकेचं खातं परत चालू करायला तीन हेलपाटे.

वाईची माई: पूर मलाही माहीत आहे, मला शिकवू नका. डायरीची एक प्रत लेकीकडे असते. तुम्ही ठेवली होती?

कृष्णाकाठ: नव्हती. तेवढं तुमचं बरोबर.

विश्रामबागकर: डायरीवरून परत जाहिरातींवर या. क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केली, तिथे आता युब्लॉक लाइटच मिळतं आणि त्याला मूळ युब्लॉकची सर नाही. फायरफॉक्सवर पूर्ण चालतं, अँड्रॉइड फोनवरसुद्धा. वडिलांच्या फोनवर तेच घातलंय.

मार्केट यार्ड: पानभराची जाहिरात काढली. साइटवरून जाणारं दराचं नोटिफिकेशन मात्र ठेवणार, दर बघूनच लोक गाडी भरतात. आता उघडा.

विश्रामबागकर: उघडली. सूट दिली. व्हिडिओ अजून वाजतोय.