शब्दचर्चा : शालीन, बोल्ड आणि मागे पडलेली भीड

धागाकर्ती

परवा लग्नाच्या साड्या घ्यायला इथं सोलापुरात नव्या पेठेत गेलो होतो. सोबत भाची आणि आमच्या आत्या. गादीवरच्या पोरानं एक पोपटी साडी उलगडली आणि म्हणाला, "ताई, ही शालीन लूकमध्ये येते." मग गडद लाल काढली, काठ चांगला वीतभर. "ही जरा बोल्ड." पदर दोन्हींचा तेवढाच, ब्लाउजपीसही तेवढंच. मी विचारलं, यात शालीन काय आहे? "सिरियलमधली सून नेसते ना, तसली."

आत्या इरकल नेसतात, डोईवरून पदर. दुकानात त्या काही बोलल्या नाहीत. रात्री जेवताना टीव्हीवर तशीच एक भरजरी सून सासूला तोंडाला येईल ते बोलत होती. आत्यांनी ताट सरकवलं आणि म्हणाल्या, "डोईवर पदर हाय गं, जिभेवर न्हाई."

तेव्हापासून घोळतंय. 'शालीन' हा कपड्याचा शब्द की बोलण्या-वागण्याचा? शालूशी, शालीशी त्याचा काही संबंध आहे का? लहानपणी तसं ऐकल्याचं आठवतं.

प्रतिसाद १

शालूशी संबंध नाही, शालेशी आहे. शाला म्हणजे घर. पाणिनीचं सूत्रच आहे, अष्टाध्यायी ५.२.२० : 'शालीनकौपीने अधृष्टाकार्ययोः'. घरात शिरण्याजोगा तो शालीन, म्हणजे चारचौघांत पुढेपुढे न करणारा, बुजरा. सूत्रातच अर्थ दिलाय 'अधृष्ट', जो धृष्ट नाही तो. कापडाचं नाव नाही.

त्याच सूत्रातला दुसरा शब्द बघा, कौपीन. कूप म्हणजे विहीर. विहिरीत टाकण्याच्या लायकीचं ते कौपीन, म्हणजे करू नये असं काम. तो शब्द पुढे झाकायच्या अवयवांना लागला आणि तिथून लंगोटीला. म्हणजे वागण्याचा शब्द कपड्यावर उतरणं फार जुनं आहे, एकट्या टीव्हीला दोष देता येणार नाही.

आणि 'धृष्ट' आपल्याकडे 'धीट' होऊन आला. हिंदीत ढीठ म्हणजे निर्लज्ज, ऐकून न घेणारा. मराठीत मात्र "पोरगी धीट आहे हो" हे कौतुक. एकाच शब्दाला एका भाषेत शिवी लागली, दुसरीत शाबासकी.

प्रतिसाद २

म्हणजे शालीनच्या विरुद्ध धीट, आणि धीटाला इंग्रजीत बोल्ड! दुकानातला पोरगा नकळत पाणिनीची जोडी लावून बसला होता. फक्त दोन्ही शब्द साडीला लावले.

वर्तमानपत्रांतल्या मनोरंजनाच्या पानानं 'बोल्ड'चं काय केलंय ते बघा. बोल्ड सीन, बोल्ड फोटोशूट. ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला हिशेब विचारणाऱ्या बाईला बोल्ड म्हटलेलं मी तरी वाचलेलं नाही. धैर्याचा शब्द अंगावरच्या कपड्याच्या मापात अडकलाय, याचं मला खरंच वाईट वाटतं. 'बिनधास्त'चं तसं झालं नाही. धास्ती नसलेला, सरळ अर्थ. १९९९ साली त्याच नावाचा मराठी चित्रपट आला, तरी शब्द बोलण्यालाही लागतो, वागण्यालाही.

'संस्कारी'बद्दलही कुणीतरी लिहा. आपण सुसंस्कृत म्हणायचो, 'वळण आहे' म्हणायचो. २०१५ साली सेन्सॉर मंडळानं जेम्स बॉन्डच्या चित्रपटातली चुंबनदृश्यं कापली आणि समाजमाध्यमांवर 'संस्कारी बॉन्ड'ची टिंगल सुरू झाली. तेव्हापासून हा शब्द गंभीरपणे वापरायची सोय राहिली नाही.

प्रतिसाद ३

मी पूर्व भागातला, घरी तेलुगू. आमच्याकडे 'सिग्गु' म्हणजे लाजही आणि लाजाळूपणाही. शेजारी कन्नड, त्यांचं 'नाचिके'. लहानपणी एकाच बोळात "सिग्गु लेदा?", "नाचिके इल्ला?" आणि "लाज न्हाई का?" असं तिन्ही भाषांत ओरडा खाल्लाय. आठवून बघितलं तर कपड्यांवरून एकदाही नाही. मोठ्यांना उलट बोललो, पंगतीत हावरटपणा केला, पाहुण्यांसमोर शिवी दिली, यावरून. पलीकडच्या गल्लीतल्या मित्राच्या घरी यालाच उर्दूत 'लिहाज' म्हणायचे.

प्रतिसाद ४

सोलापूरचा धागा आणि 'बे' नाही असं कसं चालेल? बाहेरचे लोक रील बघून समजतात की आम्ही सगळे सगळ्यांना "का बे", "काय करायलास बे" म्हणतो. 'बे'ला कडक हद्द आहे. बरोबरीच्याला चालतो, धाकट्याला चालतो. वडीलधाऱ्याला कधीच नाही. टपरीवर चार पोरं बे-बे करत चहा पीत असतात, तेवढ्यात कुणाचे आप्पा आले की 'बे' तिथंच थांबतो आणि कपही खाली ठेवला जातो. रीलमध्ये ही हद्द दाखवत नाहीत, कारण हशा तिथं नाही. परगावाहून आलेला नवखा मग दुकानदारालाच "किती झाले बे" विचारतो. त्याचा दोष नाही, त्याला अर्धाच शब्द शिकवलाय.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद ३ आणि ४ वाचून मला हवा असलेला शब्द सापडला : भीड.

'बे' थांबवते ती भीड. लाज स्वतःची वाटते, भीड दुसऱ्याची. म्हणून भीड पडते, घालता येते, मोडते, चेपते. "भीड चेपली" म्हणताना आपण हळूहळू सैल होणारी एक गाठ डोळ्यांसमोर आणतो. जोडीची मुर्वत अरबीतून आली. तिथं 'मुरुव्वत' म्हणजे माणूसपण, दिलदारी. समोरच्याचं मन राखणं हे माणूसपणाचं लक्षण, हे त्या शब्दातच आहे. आज 'भीडमुर्वत' ऐकू येतो तो "कुणाची भीडमुर्वत न ठेवता" एवढ्यापुरता, आणि तेही शाबासकी म्हणून. वाहिन्यांवरच्या चर्चा आणि रिॲलिटी शो बघून आपल्याला वाटायला लागलंय की तोडून बोलला तो खरा. मला हे पटत नाही. खरं बोलायला भीड सोडावी लागते तशी वेळ येते, पण ती रोज सकाळ-संध्याकाळ येत नाही.

भाचीला 'भीड वाटते' हे वाक्य दाखवलं, तर ती म्हणाली, "गर्दी वाटते?" तिच्या कानावर हिंदीतली भीड़ आहे, आपली नाही. तिचा दोष कसा काढू? घरात मीसुद्धा हा शब्द शेवटचा कधी उच्चारला, आठवत नाही. 'ऑकवर्ड होतं' म्हणते.

माझं मत सांगते. 'शालीन' साडीला लावू नये. साडी साधी असते, सोज्वळ म्हणा, फिक्या रंगाची म्हणा. जीन्स घालून आत्यांशी "अहो" करून बोलणारी, त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारी माझी भाची शालीन आहे. तिला तो शब्द साडी नेसल्यावरच मिळणार असेल तर शब्दाचं नुकसान आहे आणि तिचंही.

ते वाक्य दाखवलं त्याच रात्री तिचा बायोडेटा लिहायला बसलो. बहिणीनं आधीच 'शालीन, संस्कारी' लिहून ठेवलं होतं. भाचीनं दोन्ही खोडले. मी म्हटलं, 'भिडस्त' लिहू या, छान शब्द आहे. आत्या पलंगावरून उठून बसल्या. "भिडस्त लिहू नको. भीड भिकेची बहीण. न्हाई म्हणता येत न्हाई म्हटल्यावर सासरचे रात्रंदिस राबवतील." मी गप्प बसले, कारण भीडेचं ओझं या घरात त्यांनीच वाहिलंय. एवढी वर्षं 'नाही' न म्हणता.

खोडलेल्या जागी शेवटी भाचीनंच लिहिलं : 'बोलणं नीट.'