मदत हवी आहे: डिसोझामधला (D’Souza) अपॉस्ट्रॉफी फॉर्म घेत नाही

मंडळी, म्हापशात माझं फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. काल डिसोझा अंकल आले, आधारवर डीनंतर अपॉस्ट्रॉफी आहे, पासपोर्टच्या खालच्या, मशीनने वाचायच्या दोन ओळींत तो नाहीच (तिथे नियमानेच गाळतात), आणि ऑनलाइन फॉर्म तर लाल अक्षरात ‘चुकीचं नाव’ म्हणून ओरडतो, अहो चार पिढ्यांचं नाव आहे ते! वर एक तमिळ नर्स, तिला आडनावच नाही, वडिलांच्या नावाचं फक्त इनिशियल, आणि आडनावाचा रकाना सक्तीचा. टिंब टाकलं तर रिजेक्ट. वडिलांचं पूर्ण नाव आडनावात टाकू का? पुढे व्हिसाला अडेल का? कोणी केलंय का असं, सांगा ना.