जैसलमेरचा किल्ला रिकामा करा म्हणे!

रेतीत रुतलेला

परवा इथे ‘चार दिवसांत मारवाड’ असा लेख आला. त्यातले सल्ले थोडक्यात असे: जैसलमेरचा किल्ला म्हणजे तटबंदी घातलेली तुळशीबाग, आतल्या तीनेक हजार लोकांना खाली वसवून किल्ला मोकळा करावा. रामदेवऱ्याला, म्हणजे पोखरणजवळच्या रामदेव बाबांच्या देवस्थानी, गर्दी नि अंधश्रद्धा, टाळा. जैसलमेरचा मरू महोत्सव (वाळवंटातला उत्सव) मात्र चुकवू नका, फोटो झकास येतात. खाली प्रतिसाद लिहायला बसलो, तो इतका लांबला की म्हटलं वेगळा धागाच काढू.

रावळ जैसलने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला बांधायला घेतला. तेव्हापासून आत चूल पेटतेय. मागच्या हिवाळ्यात मी सकाळी सहालाच वर गेलो होतो. दुकानांची फळकुटं अजून लागलेली, एक बाई उंबऱ्यावर पाणी शिंपडत होती. तिच्या दाराशेजारी भिंतीवर गणपती रंगवलेला, खाली नवरा-नवरीची नावं आणि लग्नाची तारीख. तिकडे घरात लग्न निघालं की भिंतीवरच पत्रिका रंगवतात. एका घरावर तीन गणपती होते, सगळ्यात जुना इतका पुसट की सोंडच तेवढी उरलेली. ही माणसं काढलीत तर उरेल पिवळा दगड आणि तिकीटखिडकी.

रामदेवऱ्याची जत्रा भाद्रपद शुद्ध द्वितीया ते एकादशी. आपल्याकडे तेव्हा गणपती, म्हणून मराठी माणूस तिथे औषधालाही सापडत नाही. मी एका वर्षी घरच्यांच्या शिव्या खाऊन गेलो आणि पोखरणपासूनचे शेवटचे बारा किलोमीटर चाललो. माझ्यापुढे एक जण होता, खांद्यावर कापडाचा घोडा, पायाला चिंध्या, जोधपूरपासून चालत आलेला. रस्त्याकडेच्या मांडवात एका म्हाताऱ्याने माझे पाय न विचारता ओढले आणि तेल चोळायला लागला. वारीत हेच झालं की आपण गहिवरतो, मारवाडात झालं की अंधश्रद्धा?

आणि मरू महोत्सव! मिशांची स्पर्धा, फेटा बांधायची शर्यत, आणि जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत रात्री डीजे. शेजारी मांगणियार, म्हणजे तिकडच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या जमातीतला, म्हातारा आंब्याच्या लाकडाचं कमायचा हे तंतुवाद्य घेऊन बसलाय, आणि आपली पब्लिक त्याच्याकडे सिनेमातल्या गाण्यांची फर्माईश करतेय. तो वाजवतो बिचारा. पोट आहे.

दगडावरची रेघ

भावना पोचल्या. आता जरा प्लंबिंगवर बोलू.

किल्ल्याखालच्या गडीसर तलावाचं पाणी बायका डोक्यावरून वर न्यायच्या तेव्हा एकेका घागरीचा हिशोब असायचा. नळ आले आणि हिशोब संपला. खालचा डोंगर काही कातळ नव्हे, त्यात चिकणमातीचे थर आहेत. पाणी मुरलं की ते फुगतात, सरकतात, आणि वरचा बुरूज त्यांच्याबरोबर सरकतो. १९९६ मध्येच वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने हा किल्ला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातला. नव्वदच्या दशकात बुरूज ढासळले. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पावसात पुन्हा भिंतीचा एक भाग खाली आला. उंबऱ्यावर शिंपडलेल्या तांब्याभर पाण्याबद्दल कोणी बोलत नाहीये. शेजारच्या हॉटेलात खोलीगणिक शॉवर आणि कमोड आहे, तो त्या गणपतीच्या भिंतीखालून वाहतो. बांधकामात आयुष्य गेलंय माझं. गळका पाइप कविता ऐकून थांबत नाही.

रेतीत रुतलेला

मग आपण एकाच बाजूला की! हॉटेलं काढा, माणसं राहू द्या.

दगडावरची रेघ

हॉटेलं चालवतात कोण? मंगळावरची माणसं? तुमच्या सहाच्या बाईचाच मुलगा असेल गच्चीवर कॉफी विकणारा. सोपं उत्तर हवं असेल तर ते माझ्याकडे नाही आणि तुमच्याकडे तर त्याहून नाही.

कडेकपारी

मूळ प्रश्न कोणी विचारतच नाहीये. यांचे किल्ले शाबूत का, आणि आपले भग्न का? कारण आपले लढले! जैसलमेरच्या रावळाने १५७० मध्ये नागौरला अकबरापुढे मांडलिकी पत्करली, १८१८ मध्ये इंग्रजांशी तह केला. त्याच १८१८ मध्ये आपला रायगड तोफांनी जळत होता. शरण गेलेल्यांचे महाल राहतात, लढणाऱ्यांची जोती. जोधपूरचा मेहरानगड बघून मराठी माणूस आ वासून उभा राहतो तेव्हा मला लाज वाटते. आधी राजगड चढा, मग वाळवंटात जा.

रेतीत रुतलेला

राजगड सात वेळा झालाय. तुम्ही जैसलमेरचे अडीच साके (मरेपर्यंतच्या शेवटच्या लढाया) वाचा. दोनदा पुरुष पडले आणि आत जोहर झाला. तिसऱ्यांदा पुरुष पडले पण जोहर झाला नाही, म्हणून तो अर्धा मोजतात. ‘लढले नाहीत’ म्हणे.

दगडावरची रेघ

कडेकपारी, इतिहास राहू द्या, पाऊस बघा. जैसलमेरला वर्षाला २०० मिलिमीटरच्या आत पाऊस. रायगडच्या घेऱ्यात ३,००० च्या वर. पडक्या भिंतीत एक पिंपळ रुजला की वीस वर्षांत काम तमाम. शिवाय तिकडचे राजे १९४७ पर्यंत गादीवर होते, डागडुजीला खजिना होता. आपल्याकडे पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी गडांच्या वाटा नि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. हे शौर्याचं प्रमाणपत्र नाही आणि नामर्दीचंही नाही.

कडेकपारी

म्हणजे वाटा का उडवल्या? भीती वाटली म्हणूनच ना? माझाच मुद्दा सिद्ध केलात, धन्यवाद.

जोधपूरची सून

माहेर सांगली, सासर जोधपूर, चौदा वर्षं झाली. इथे ‘आपले लढले’ म्हणणाऱ्यांना एक विचारते. तुम्ही इथे कशासाठी लढत होतात? नागौरजवळ ताऊसरला मराठा सरदार जयाप्पा शिंद्यांची छत्री, म्हणजे समाधी, आहे. १७५५ मध्ये नागौरला वेढा घालून बसले असताना मारवाडच्या लोकांनी त्यांना दग्याने मारलं. पुढे तहात अजमेर शिंद्यांकडे आलं. आमच्याकडे दिवाळीला जेवणं झाली की सासरे मला चिडवतात, ‘बीनणी (सूनबाई), दखणी लोकांनी आमच्याकडून किती वसूल केलं त्याची पावती माहेराहून आण.’ पहिल्या वर्षी मी रडले होते. आता सांगते, चौथाई हुंड्यात वळती केली.

आणि रेतीत रुतलेला, तुम्हालाही. गर्दीचं फार कौतुक करू नका. ३० सप्टेंबर २००८, घटस्थापना, पहाटे मेहरानगडावरच्या चामुंडेच्या देवळात चेंगराचेंगरी झाली. दोनशेच्या वर गेले, बहुतेक तरुण मुलगे, पुरुषांच्या रांगेतले. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, पण माझा धाकटा दीर त्या रांगेत होता. मित्राने हाक मारली म्हणून चहाला बाजूला झाला, आणि वाचला. मित्र पुन्हा रांगेत गेला. अजूनही घटस्थापनेला दीर घरातून बाहेर पडत नाही. त्यामुळे कोणी ‘गर्दी टाळा’ लिहिलं तर लगेच त्याला श्रद्धेचा शत्रू ठरवू नका.

रेतीत रुतलेला

यावर मला बोलायला तोंड नाही. ‘गर्दी टाळा’ हा सल्ला चुकीचा नव्हता, मागे घेतो. ‘अंधश्रद्धा’ या शब्दावरचा राग मात्र ठेवून घेतो.

कडेकपारी

जयाप्पांना दग्याने मारलं हे मान्य केलंत, बरं वाटलं.

जोधपूरची सून

तुम्हाला एवढंच दिसलं का? शाब्बास.

निवृत्त हेडक्लार्क

आम्ही दोघं गेल्या माघात एका टूरबरोबर गेलो होतो. टूरवाल्यांनी पुण्याहून आचारी नेला होता. जैसलमेरला तीन दिवस पोळी, बटाट्याची भाजी, वरण-भात, एका रात्री श्रीखंड. केर-सांगरीची, म्हणजे तिकडच्या वाळवंटी फळा-शेंगांची, भाजी मी आयुष्यात पहिल्यांदा चाखली ती परतीच्या गाडीत, शेजारच्या मारवाडी कुटुंबाच्या डब्यातली. पंचेचाळीस जणांतल्या एकानेही मॅनेजरकडे तक्रार केली नाही, उलट ‘घरच्यासारखं जेवण’ म्हणून टाळ्या. सीमेजवळच्या तनोटच्या देवळात युद्धातले न फुटलेले बाँब पाहून सगळे भारावले आणि बसमध्ये बसताच पहिला प्रश्न, आज ताक आहे ना?

दगडावरची रेघ

काका, वाळलेली सांगरी बाराही महिने टिकते, पाव किलो आणायचीत. रात्रभर भिजत घालायची.

निवृत्त हेडक्लार्क

आणली. हिने कचरा समजून टाकली. खेजडीच्या शेंगा अगदी वाळक्या काटक्यांसारख्याच दिसतात.

तीन दरवाजा

मी पन्हाळ्याची. गडावरच जन्मले, गडावरच शाळा. दोन दिवस हा धागा गप्प वाचतेय, आता राहवत नाही.

जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. सगळ्या महाराष्ट्राने पेढे वाटले. आमच्या गल्लीत त्या आधीपासून एकच विषय, आता आपल्याला उठवणार का? घराचं पत्र्याचं छप्पर बदलायला परवानगी लागेल का? जैसलमेरचा किल्ला २०१३ पासून त्याच यादीत आहे, म्हणून आमचा एक चुलतभाऊ मुद्दाम तिकडे बघायला गेला. आला तो म्हणाला, तिकडची माणसं अजून आतच आहेत, आणि गटारं गळतायत. म्हणजे तुम्हा दोघांचंही खरं.

कडेकपारी, तुम्ही पन्हाळ्याला आलात तर सज्जाकोठी बघता, फोटो काढता, झुणका-भाकर खाता आणि संध्याकाळी खाली उतरता. भाकरी करणारी माझी आत्या आहे. तिला हाकलून किल्ला ‘मोकळा’ केला तर तुम्ही खाणार काय? तटबंदी?

कडेकपारी

पन्हाळ्याची गोष्ट वेगळी आहे.

तीन दरवाजा

कशी ते सांगा.

कडेकपारी

आपला आहे.

दगडावरची रेघ

घ्या, बुद्धिवाद संपला. असो. मी माझ्या पहिल्या प्रतिसादात एक दुरुस्ती करतो. रहिवाशांचं पाणी आणि हॉटेलांचं पाणी वेगळं मोजायला हवं होतं, मी एकाच बादलीत ओतलं. पण ज्यांना किल्ल्याच्या आतच मुक्काम करून सूर्योदय बघायचा असतो, त्या लेखकांनी तरी इतरांना ‘किल्ला मोकळा करा’ सांगू नये. मूळ लेखात खाली त्यांच्याच खोलीच्या गच्चीचा फोटो आहे, तो आतलाच आहे. पिवळ्या तटाच्या चर्या दिसतायत मागे.

रेतीत रुतलेला

हे मी पाहिलंच नव्हतं! उठवणारे स्वतः आत राहून आले.

जोधपूरची सून

त्यांनी दोन रात्री आंघोळ नसेल केली हो, किल्ला वाचवायला.

निवृत्त हेडक्लार्क

एवढी विद्वत्ता झाली, आता माझा प्रश्न. टूरवाल्यांनी आम्हाला किल्ला खालूनच दाखवला होता, वेळ नाही म्हणून. पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघंच जायचं म्हणतोय. हिचे गुडघे गेलेत. वर रिक्षा जाते का?

रेतीत रुतलेला

जाते काका, किल्ल्यातल्या दशहरा चौकापर्यंत. पुढे जैन मंदिरांपर्यंत चालत, पण चढ फारसा नाही. कमरेचा चामड्याचा पट्टा खोलीवरच ठेवून जा, मंदिराच्या दारात काढायला लावतात. मला विजार एका हाताने धरून मूर्ती बघाव्या लागल्या होत्या.