हायड्रॉलिक क्लचची हवा : खालून ढकलावी की वरून काढावी?

उलटी_सिरिंज : हायाबुसासारख्या गाड्यांत क्लचला केबल नसते, ऑइलचा दाब पुश रॉड ढकलतो. लिव्हर पोकळ लागतेय, न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर खाडकन पडतो आणि दोन-तीनदा लिव्हर मारली की तेवढ्यापुरतं बरं होतं? लाइनमध्ये हवा आहे. माझं मत ठाम आहे : ती लिव्हर मारत खाली ओढू नका, खालून सिरिंजने वर ढकला. हवा वरच जाणार. तिला अख्ख्या पाइपातून खाली आणून स्लेव्हच्या (खालच्या, रॉड ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) निपलमधून, म्हणजे हवा काढायच्या छोट्या स्क्रूमधून, काढणं म्हणजे उलटी गंगा. मेडिकलमधली ५० मिलीची सिरिंज, फिश टँकची पारदर्शक नळी, डॉट ४ ब्रेक ऑइलची २५० मिलीची सीलबंद बाटली, बस्स. हँडलवरच्या छोट्या टाकीतलं ऑइल आधी ओढून घ्या, निपल अर्धा आटा सैल करा, सावकाश दाबा.

पाना_नंबर_८ : अजिबात नाही. स्लेव्ह सगळ्यात खाली, पुढच्या स्प्रॉकेटशेजारी बसतो. रबर झिजून झालेला काळा गाळ तिथेच साचतो. तो वर ढकललात की मास्टर सिलिंडरचं (लिव्हरपाशी असतो तो) सुईच्या टोकाएवढं परतीचं भोक बुजलं म्हणून समजा. मग ऑइल तापून फुगलं तरी टाकीत परतत नाही, प्लेटा पूर्ण दाबल्या जात नाहीत आणि क्लच घसरतो. वरूनच करा : लिव्हर दाबून धरा, निपल उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. क्रम चुकला की हवा परत आत. आणि झाकणाकडे नजर ठेवा, टाकी एवढीशी असते, चार-सहा फेऱ्यांत तळ दिसतो.

उलटी_सिरिंज : जुनं ऑइल आधी खालून काढून टाकायचं हे मान्य, मी लिहायला हवं होतं. पण मास्टर उघडून लाइन कोरडी पडली असेल तर लिव्हर मारून दाबच धरत नाही. तिथे काय करणार?

बॅन्जो : दोघेही खालच्या टोकाला चिकटून बसलात! हँडल बाहेरच्या बाजूला उतरतं असतं, त्यामुळे पाइप जोडणारा बॅन्जो बोल्ट टाकीपेक्षा वर येतो आणि बुडबुडा तिथे अडकतो. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलली की आणखीच. पॅडॉक स्टँडवर सरळ उभी करा, बोल्टाभोवती फडकं गुंडाळा, लिव्हर दाबून बोल्ट किंचित सैल करून लगेच आवळा. गळत राहिलं तर दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर बदला. पेट्रोलच्या टाकीवर ओला कपडा हवाच, डॉट ४ रंग खातं.

पाना_नंबर_८ : हे पटलं. पण ‘लिव्हर दाबून रात्रभर बांधून ठेवा’ हा सल्ला आता कोणी देऊ नका.

बॅन्जो : का देऊ नये? बारीक बुडबुडे पिस्टनपाशी जमतात आणि सकाळी लिव्हर सोडताच टाकीत निघून जातात. स्लेव्हमधली हवा मात्र त्याने निघणार नाही, एवढं खरं.

गळका_सील : व्हॅक्यूम पंप वापरणाऱ्यांसाठी : निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते, बुडबुडे संपतच नाहीत. ते खोटे. उलट, नीट काढलेली हवा आठवड्यात परत आली तर पद्धतीवर वाद घालू नका, स्प्रॉकेट कव्हर उघडून स्लेव्हचं सील ओलं आहे का बघा. आणि झाकणावरचं वाचा. मॅग्युरा कंपनीच्या बऱ्याच क्लचना मिनरल ऑइल लागतं. त्यात डॉट ४ गेलं की सील फुगून संपली.

उलटी_सिरिंज : बरं, शेवटी टाकी वरच्या खुणेपर्यंत भरायची ना?

पाना_नंबर_८ : काठोकाठ नको. ब्रेकचे पॅड झिजले की पातळी उतरते, क्लचच्या प्लेटा झिजल्या की चढते, कारण रॉड स्लेव्हचा पिस्टन मागे ढकलतो. वर थोडी जागा सोडा.